हृदयविकार आणि रक्तातला एक आकडा



हृदयविकारावर बोलण्यास व्याख्यानमालेच्या चालकांनी डॉक्टर सोडून कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा केला, याचे काहींना नवल वाटेल. पण कामगार आपले तपासणीचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. त्यांत अलीकडे पुष्कळदा होमोसिस्टीन नावाचा एक आकडा असतो. तो १५ च्या वर गेला की त्यापुढे खूण केलेली असते, आणि धडधाकट माणूस हबकून जातो. या आकड्याचा अर्थ आम्ही वाचून आणि जाणत्यांना विचारून समजावून घेतला, तो आपल्यापुढे मांडतो.

आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनीन नावाचे द्रव्य असते. शरीर ते वापरते तेव्हा होमोसिस्टीन तयार होते. फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे त्याचे पुन्हा मेथिओनीन करतात. बी-६ च्या साहाय्याने त्याचे दुसरे उपयोगी द्रव्य बनते. ही जीवनसत्त्वे अपुरी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचते.

१९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्‌कली यांनी दोन लहान मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचे जन्मजात दोष निरनिराळे होते. पण दोघांच्याही रक्तात होमोसिस्टीन वाढलेले होते, आणि त्या कोवळ्या वयात त्यांच्या रोहिण्या वृद्ध माणसासारख्या जाड झाल्या होत्या. हेच द्रव्य रोहिण्या बिघडवते, असा त्यांनी तर्क केला. त्या काळी सर्वांचे लक्ष कोलेस्टेरॉलकडे होते, त्यामुळे त्यांच्याकडे बराच काळ कोणी पाहिले नाही. पुढे १९९२ साली अमेरिकन डॉक्टरांच्याच एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वांत जास्त, त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट.

मग उपाय सोपा वाटू लागला. जीवनसत्त्वांच्या गोळ्या स्वस्त. त्या द्याव्या आणि हृदय वाचवावे! तशी परीक्षाही झाली. २००६ साली ५,५२२ रुग्णांवरील पाच वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आला. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले. पण हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. अर्धांगवायूचे प्रमाण तेवढे काहीसे घटले. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये, नुकताच झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांतही हृदयाला लाभ दिसला नाही.

गिरणीतल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. बॉयलरच्या घड्याळाचा काटा हाताने खाली ओढला म्हणून आतली वाफ कमी होत नाही. मूत्रपिंडे अधू झाली, तरीही होमोसिस्टीन वाढते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही ते जास्त आढळते. तेव्हा वाढलेला आकडा ही पुष्कळदा दुसऱ्या बिघाडाची खूण असते.

मग तो आकडा निरर्थक का? तसेही नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ पुरुषांची पाहणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त आढळले. बी-१२ मिळते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. निव्वळ भाजीभाकरीवर राहणाऱ्याला ते पुरत नाही. त्याच्या अभावी रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, मज्जातंतू बिघडतात. ही उणीव डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढलीच पाहिजे. मात्र ती गोळी घेतली म्हणजे हृदयाचा विमा उतरला, असे कोणी समजू नये.

आमचा मुद्दा पैशाचा आहे, कारण कामगाराचा पैसा मोजका असतो. तो महागड्या तपासण्यांच्या यादीवर घालवण्याआधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्या. तंबाखू, मिश्री, विडी सोडायला तर उलट पैसे वाचतात. रक्तदाब उतरवला, तंबाखू सोडली, तर झटके खरोखरच कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. आणि संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात या साध्या तपासण्यांचे कलम आग्रहाने घालावे. ती भीक नव्हे, हक्क आहे.