नरकाची मुदत



बांबर्गच्या कॅथीड्रलला उत्तरेच्या अंगाला एक दार आहे, फ्युर्स्टनपोर्टाल. बव्हेरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिले असेल. घरी पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचे, या यादीत बांबर्ग असतेच. तेराव्या शतकातल्या या दारावर शेवटच्या न्यायाचे शिल्प आहे. मधोमध न्यायासनावर ख्रिस्त. एका बाजूला तारण झालेले लोक, दुसऱ्या बाजूला सैतान साखळीने ओढून नेत असलेले शापित. त्या शापितांत मुकुट घातलेला राजा आहे, धर्माधिकारी आहे, पैशाची थैली सांभाळणारा श्रीमंतही आहे. हुद्दा पाहून कोणालाही सूट दिलेली नाही, म्हणून शिल्पकाराचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मात्र तारण झालेल्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहावे. ते हसताहेत. गालभर, मोकळे हसू. चार हातांवर साखळी ओढली जाते आहे आणि इकडे हसू आहे.

हे हसू शक्य आहे का, असा प्रश्न पुढे एका जर्मन पाळकाने विचारला. फ्रिडरिश श्लायरमाखर बर्लिनमध्ये प्राध्यापक होता आणि तिथल्याच चर्चमध्ये प्रवचनेही करत असे. ख्रिस्ती श्रद्धेवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1821-22 मध्ये आला आणि 1830-31 मध्ये सुधारून पुन्हा निघाला. सार्वकालिक शिक्षेचा विचार त्याने नरकाच्या बाजूने केला नाही, स्वर्गाच्या बाजूने केला. ज्याचा भाऊ खालच्या मजल्यावर होरपळतो आहे, त्याला वरच्या मजल्यावरचे पक्वान्न गोड कसे लागेल? तारण झालेल्याच्या मनात करुणा उरली असेल, तर त्याचा आनंद अपुरा. करुणाच उरली नसेल, तर स्वर्गात जाऊन माणूस पृथ्वीवर होता त्याहून निबर झाला. शिक्षा न्याय्य आहे एवढ्याने करुणा थांबत नाही, हेही त्याने बजावले. सर्वांच्या तारणाच्या मताला निदान तितकाच हक्क द्या, एवढीच त्याची मागणी होती. मागणी साधी, पण तिच्यापर्यंत यायला जर्मनीला तीनशे वर्षे लागली.

ती तीनशे वर्षे ऑग्सबुर्गपासून मोजायची. 25 जून 1530 रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर, बिशपच्या वाड्यात, सॅक्सनीचा चान्सलर क्रिस्टियान बायर याने प्रोटेस्टंट संस्थानिकांचा श्रद्धेचा जाहीरनामा जर्मन भाषेत वाचला. मजकूर मुख्यतः ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याचा. त्यातले सतरावे कलम सांगते की, ख्रिस्त शेवटी न्याय करील, विश्वासणाऱ्यांना अनंतकाळचे जीवन देईल आणि अधर्मी व सैतान यांना अंत नसलेली यातना. कलम तिथे थांबत नाही. या यातनेला कधीतरी शेवट आहे असे शिकवणाऱ्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा ते नाव घेऊन निषेध करते.

नाव घेण्याला कारण होते. वर्षभरापूर्वीच श्पायरच्या राजसभेने पुन्हा बाप्तिस्मा घेण्याला देहदंड ठरवला होता. ल्यूथरचे अनुयायी त्या बंडखोरांपैकी नाहीत, हे सम्राटाला पटवणे जिवावरचे काम होते. म्हणजे प्रेमळ देव आणि न संपणारा नरक यांची जी गाठ पुढे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घोकली, ती मारताना राजकारणाचा हातही लागला होता. ज्यांच्यावर बोट होते त्यांत न्युरेम्बर्गच्या सेंट सेबाल्ड शाळेचा मुख्याध्यापक हान्स डेंक याचे नाव घेतले जाई. जानेवारी 1525 मध्ये त्याला शहराबाहेर काढले आणि 1527 मध्ये तो बाझेलला प्लेगने वारला. तो खरोखर सर्वांच्या तारणाचे शिकवत होता का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आरोप मात्र पक्का चिकटला.

खुद्द ल्यूथर आधी इतका कडक नव्हता. विश्वासावाचून मेलेल्यांचे तारण होऊ शकते का, असे हान्स फॉन रेशेनबर्ग या सरदाराने विचारले, तेव्हा 1522 मधल्या उत्तरात त्याने लिहिले की मरताना किंवा मेल्यानंतरही विश्वास देणे देवाला अशक्य नाही. देव तसे करतो हे मात्र सिद्ध करता येत नाही. दार बंद आहे असे तो म्हणाला नाही. कडी लावलेली नाही हेही त्याने फार मोठ्याने सांगितले नाही.

या इतिहासातले सगळ्यांत विलक्षण जोडपे म्हणजे योहाना एलिओनोरा आणि योहान विल्हेल्म पीटर्सन. योहाना 1644 मध्ये फ्रँकफुर्टला एका गरीब झालेल्या उमराव घराण्यात जन्मली, दरबारात वाढली आणि 1680 मध्ये एका सामान्य घरच्या धर्मोपदेशकाशी लग्न करून तिने नातेवाइकांना चकित केले. लग्न लावले ते पाएटिस्ट, म्हणजे अंतरंगातल्या भक्तीवर भर देणाऱ्या, चळवळीचा प्रवर्तक श्पेनर याने. नवरा ल्युनेबुर्गला सुपरिंटेंडंट, म्हणजे त्या भागातल्या पाळकांचा वरिष्ठ. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची शिकवण आणि एका तरुण द्रष्टीच्या दर्शनांची पाठराखण या कारणांनी 1692 मध्ये त्याची नोकरी गेली आणि प्रांतही सुटला. दोघे माग्देबुर्गजवळच्या खेड्यात राहू लागले. तिथे त्यांच्या हातात लंडनच्या जेन लीड या वृद्ध साधिकेचे हस्तलिखित आले. त्यात सैतानासह सगळी सृष्टी अखेर देवाकडे परतेल असे लिहिले होते. दोघांनी ते खोडून काढायचे ठरवले. शास्त्रवचने जमवली, उत्तर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता बाजू बदलली.

शत्रूचे पुस्तक खोडायला बसून त्याचाच शिष्य होणे, हा प्रामाणिक वाचकाला असलेला धोका लेखकांच्या मेळाव्यात वेगळा सांगायला नको. योहानाने 1698 मध्ये आपले नाव न घालता सार्वकालिक शुभवर्तमानावरचे पुस्तक छापले. पाठोपाठ 1700 ते 1710 या काळात नवऱ्याचे तीन जाडजूड खंड आले. जर्मनीत वादाचा धुरळा उडाला. पीटर्सन दांपत्य नास्तिक नव्हते, थंड डोक्याचे तर्कवादीही नव्हते. बायबलचा शब्दन् शब्द खरा मानणारी, पहाटे उठून प्रार्थना करणारी ही माणसे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली सार्वकालिक शिक्षा त्यांना ठाऊक होती. पण सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे हे तीमथ्याच्या पत्रातले वचन आणि शेवटी देव सर्वांत सर्व होईल हे करिंथकरांच्या पत्रातले वचनही त्यांना तितकेच ठाऊक होते. सार्वकालिक नरकावर जर्मनीत पहिला मोठा घाव अविश्वासाने घातला नाही, अतिविश्वासाने घातला. हे एकदा ध्यानात आले की पुढचा सगळा वाद वेगळा दिसतो.

तत्त्वज्ञ लायब्निट्झला पीटर्सनचे मत मान्य नव्हते, तरी त्याने त्याच्या ग्रंथाचे परीक्षण आपुलकीने लिहिले आणि याच विषयावर लॅटिन महाकाव्य लिही असे सुचवले. ते ‘उरानियास’ 1720 मध्ये निघाले. एर्न्स्ट झोनर नावाच्या जुन्या लेखकाचा युक्तिवाद असा होता की, माणसाची पापे मोजकी, मग शिक्षा अमर्याद कशी? लायब्निट्झचे उत्तर: नरकातही माणूस पाप करणे थांबवत नाही, म्हणून शिक्षाही थांबत नाही. हे उत्तर त्याने झोनरच्या पुस्तकासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत दिले होते आणि ती वोल्फनब्युटलच्या ग्रंथालयात पडून होती. तिथला ग्रंथपाल लेसिंग याने ती 1773 मध्ये छापली आणि प्रबोधनाच्या ध्वजधाऱ्याने नरकाची वकिली केली म्हणून बर्लिनच्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. लायब्निट्झचा मुद्दा आजवरचा सगळ्यांत बळकट बचाव आहे, हे प्रस्तुत अध्यक्ष मान्य करतो. तरी त्यात एक अडचण उरते. एखादा जीव अनंतकाळ नकारच देत राहिला, तर त्याच्या मागे निघालेली प्रीतीही अनंतकाळ हरत राहिली, असे म्हणावे लागते. देवाविषयी हे म्हणायला लायब्निट्झचा बचाव करणारे सहसा तयार नसतात.

व्युर्टेम्बर्गच्या पाएटिस्टांनी मधला मार्ग काढला: सर्वांचे तारण मनात धरावे, व्यासपीठावर बोलू नये. योहान आल्ब्रेख्ट बेंगेल हा त्यांचा थोर भाष्यकार याच पंथातला. लोक ऐकून निर्धास्त होतील, ही भीती. मराठी माणसाला हा शहाणपणा ओळखीचा वाटेल.

आता बर्लिनहून नगरला जायचे आहे, आणि हा रस्ता मारून मुटकून काढलेला नाही. श्लायरमाखरनंतरच्या पिढीत इझाक आउगुस्ट डॉर्नर हा बर्लिनचा धर्मशास्त्रज्ञ मांडत होता की, ज्याला ख्रिस्त कधी भेटलाच नाही त्याचा शेवटचा निकाल लागू शकत नाही. मृत्यूनंतरही ती भेट घडली पाहिजे. आधाराला पेत्राचे पहिले पत्र होते, ज्यात ख्रिस्त बंदीतल्या आत्म्यांना जाऊन उपदेश करतो. डॉर्नरचे हे लेखन 1883 मध्ये न्यूमन स्मिथ याने इंग्रजीत आणले आणि अमेरिकेच्या अँडोव्हर सेमिनरीभोवती वणवा पेटला.

त्याची झळ रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांना लागली. मुंबईत 1847 साली जन्मलेले, 1874 पासून अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करणारे हे मिशनरी 1886 मध्ये रजेवर मायदेशी होते. अँडोव्हरच्या समारंभात बोलताना त्यांनी डॉर्नरच्या विचाराविषयी सहानुभूती दाखवली. मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाने त्यांना परत पाठवणे रोखून धरले. ऑक्टोबरमध्ये डे मॉइन शहरातल्या वार्षिक सभेत यावर मोठा वाद झाला आणि अखेर 1887 मध्ये ह्यूम नगरला परतले.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न कसा उभा राहत असेल, हे समजायला धर्मशास्त्र लागत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे आईबाप, आजे-पणजे ख्रिस्ताचे नाव न ऐकताच गेलेले असत. शिवाय घरात कोणी गेले की गरुडपुराण ऐकण्याची रीत. त्यातले नरक भयंकर आहेत, पण त्यांना मुदत आहे. भोग संपला की जीव पुढे निघतो, आणि मागे राहिलेल्यांच्या पिंडदानाचा त्याला उपयोग होतो. प्रीतीचा देव सांगणाऱ्या धर्मात ही मुदत काढून घेतलेली आणि पिंडाचा हातही तोडलेला, हे नव्या ख्रिस्ती माणसाला कसे पचावे? ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर यांनाही हे भेटले होते. जपानमधले नवे ख्रिस्ती पूर्वजांची नरकातून सुटका नाही हे ऐकून रडू लागले, असे त्यांनी 1552 च्या पत्रात लिहिले आहे. उत्तर त्यांनी बदलले नाही. ह्यूम यांनी निदान प्रश्न उघडा ठेवला.

विसाव्या शतकात हा वाद पुस्तकांतून बाहेर पडला. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर विमानांनी आग ओतली. हजारो माणसे जळून, गुदमरून मेली. विमानविरोधी तोफेवर सतरा वर्षांचा युर्गेन मोल्टमान होता. शेजारी उभ्या मित्राच्या चिंधड्या उडाल्या, तो वाचला. धर्माशी फारसा संबंध नसलेल्या घरातला हा मुलगा त्या रात्री पहिल्यांदा देवाला हाक मारू लागला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने नाझी छळछावण्यांची छायाचित्रे पाहिली. आपण कोणासाठी तोफ चालवली, ते त्याला तिथे कळले. 1948 मध्ये तो परतला आणि 1967 मध्ये ट्युबिंगनला धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्याच ट्युबिंगनमध्ये 1966 ते 1969 योझेफ रात्सिंगर, नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, शिकवत होते. त्यांनाही 1943 मध्ये शाळकरी वयातच म्युनिकजवळ विमानविरोधी तोफांवर नेले होते. दोघांच्या वयात वर्षाचे अंतर, बालपणावर एकच सत्ता, आणि उत्तरे वेगळी. 2007 च्या आशेवरील परिपत्रकात रात्सिंगर म्हणतात की, जणू काही घडलेच नाही अशा थाटात अत्याचारी माणूस बळीच्या शेजारी स्वर्गातल्या पंगतीला बसू शकत नाही. ज्यांनी सत्याची ओढच स्वतःत मारून टाकली, त्यांच्यासाठी नरक आहे. मोल्टमान यांनी 1995 च्या ‘देवाचे येणे’ या ग्रंथात सर्वांच्या तारणाची बाजू घेतली. वधस्तंभावर ख्रिस्ताने स्वतः नरक भोगला, म्हणून नरकही आशेबाहेर राहिलेला नाही. शेवटचा न्याय हिशेब चुकता करण्यासाठी नसून मोडलेले सरळ करण्यासाठी आहे, बळीसाठीही आणि अत्याचाऱ्यासाठीही.

रात्सिंगर यांचा आक्षेप हलका नाही. आउश्वित्झनंतर ‘सगळे सुटतील’ हे वाक्य सहज उच्चारणे हा मेलेल्यांचा अपमान आहे. पण तो आक्षेप न्यायाची मागणी करतो, अनंताची नव्हे. न संपणाऱ्या यातनेतून बळीला काय परत मिळते? त्याचे मूल मिळत नाही, त्याचे वर्षही मिळत नाही. त्याला मिळू शकते ती फक्त समोर उभे राहून दिलेली कबुली. आणि कबुली द्यायला अत्याचारी बदलावा लागतो. जो नरक माणसाला कधी बदलू देत नाही, तो बळीलाही रिकाम्या हाताने परत पाठवतो. न्याय हवा, कडक हवा, हवा तितका लांब हवा; पण ख्रिस्ती माणूस ज्या देवाला प्रीती म्हणतो त्याच्याकडे मुदत नसलेला नरक शोभत नाही, असे प्रस्तुत अध्यक्षाचे मत आहे. सभागृहात विरोधी मत असेल, तर चर्चेला दुपारची वेळ राखलेली आहे.

मोल्टमान 3 जून 2024 रोजी ट्युबिंगनमध्येच वारले. ऑग्सबुर्गचे सतरावे कलम अजून रद्द झालेले नाही. ल्यूथरन पाळकांची दीक्षा आजही त्या जाहीरनाम्याला बांधलेली आहे आणि चर्चच्या बाकावर ठेवलेल्या गीतपुस्तकाच्या अनेक प्रादेशिक आवृत्त्यांत तो शेवटी छापलेला असतो.

जाता जाता इथल्या अनुवादकांसाठी एक काम. योहाना पीटर्सनने आपले आत्मचरित्र लिहिले आहे. दरबार, मोडलेली सोयरीक, नवऱ्याची गेलेली नोकरी आणि पुस्तक खोडायला बसून झालेले मतांतर, असा त्या आयुष्याचा पट. ज्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत, त्या भाषेत हे पुस्तक थेट जर्मनमधून यायला हवे. जर्मन चांगले येणारी चार माणसे तरी या सभागृहात बसलेली आहेत. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना गाठावे.