काचेच्या पेटीतील समुद्र : उपद्रवी कृमी व त्यांचे नैसर्गिक भक्षक

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहिरीत गप्पी मासे सोडण्याची रीत आपणांस नवी नाही. डासांच्या अळ्या खाऊन हे इवलेसे मासे हिवतापाला आळा घालण्यास मदत करतात, हे शाळेतील मुलेही सांगतील. शत्रूवर त्याचा निसर्गातील शत्रूच सोडावा, हे त्यामागील तत्त्व. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात हे तत्त्व कितपत चालते, याविषयी आज मी बोलणार आहे. मी कलाशाखेचा पदवीधर; प्राणिशास्त्रातील अधिकार माझ्याकडे नाही. परंतु घरी मासे आणि समुद्रफुले यांची एक टाकी मी सांभाळतो, आणि तिने मला एक धडा फार महागात शिकविला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना आपल्या देशात २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते तोडणे वा विकणे हा गुन्हा होय. गोव्याच्या ग्रांद बेटापाशी किंवा मालवणच्या किनाऱ्याजवळ जे प्रवाळ आहेत, ते पाहावयाचे तर तेथेच, पाण्याखाली जाऊन. प्रवाळांच्या टाक्यांविषयी मी जे सांगणार आहे ते परदेशांतील आहे.

नव्या टाकीत कृमी आपण होऊन शिरत नाहीत. दगडाबरोबर, एखाद्या समुद्रफुलाच्या बुडाला चिकटून ते येतात. माझ्या टाकीत आले ते तांबूस रंगाचे, काही मिलिमीटर लांबीचे, शेपटीकडे तीन टोके असलेले. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा. यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, म्हणून उजेड मिळेल तेथे ते पसरतात. नर-मादीची गरज नाही; अंगालाच कोंब फुटून किंवा शरीर दुभंगून नवा कृमी तयार होतो. दोन महिन्यांत दगडांवर जणू गंज चढला. असा थर प्रवाळावर बसला की त्याचा उजेड अडतो व तो खंगू लागतो.

मी घाई केली. दुकानदाराने दिलेले जंतनाशक औषध एका संध्याकाळी टाकीत ओतले. कृमी मेले, सर्वच्या सर्व मेले. परंतु मरताना त्यांच्या शरीरातून विषारी द्रव्ये बाहेर पडतात, हे मला ठाऊक नव्हते. सकाळी माझ्या मुलीने हाक मारली तेव्हा चार वर्षे सांभाळलेले मासे तळाशी पडले होते. ती त्यांना नावांनी ओळखत असे. औषध वाईट नव्हते. आधी नळीने कृमी ओढून त्यांची संख्या कमी करणे, नंतर पाणी बदलणे व कोळशाची गाळणी लावणे, हे मी केले नाही.

तेव्हापासून मी नैसर्गिक भक्षकांकडे वळलो. या तांबूस कृमींचा खरा वैरी म्हणजे केलिडोन्युरा व्हेरिअन्स नावाची समुद्री गोगलगाय. मखमली काळ्या अंगावर निळ्या रेघा, पाठीवर शंख नाही. ती असलेच कृमी खाते, दुसरे काही खात नाही. हाच तिचा गुण आणि हाच दोष. कृमी संपले की ती उपाशी मरते. तिला पाहुणी म्हणून आणावे आणि काम होताच ज्याच्याकडे कृमी आहेत त्याच्याकडे पाठवावे, अशी रीत काही शौकिनांनी पाडली आहे. पंपाच्या तोंडात ती ओढली जाते, म्हणून तेथे जाळी हवी.

दुसरा भक्षक सहा रेघांचा रॅस मासा. हा तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत आढळतो, बोटाएवढाच असतो आणि रात्री स्वतःभोवती चिकट द्रव्याचा कोश करून झोपतो. दिवसभर दगडांच्या फटी धुंडाळणे हा त्याचा उद्योग. माझ्याकडील तांबूस कृमी त्याला रुचतीलच असा भरवसा नाही. परंतु ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळांचे मांस खाणारा जो दुसरा चपटा कृमी आहे, त्यावर हा मासा उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या माशाने कृमी वेचून खाल्ले, तर लायस्माटा जातीच्या लहान कोळंबीने कृमींबरोबर त्यांची अंडीही फस्त केली. अंडी राहिली तर उपद्रव पुन्हा उद्भवतो, म्हणून कोळंबीचे काम मला अधिक मोलाचे वाटते. रॅसचा स्वभाव मात्र भांडखोर. नंतर येणाऱ्या लहान माशांना तो सुखाने राहू देत नाही.

केसाळ कृमींचा प्रश्न वेगळा. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी, किंबहुना उपकारक. उरलेले अन्न खाऊन ते तळ स्वच्छ ठेवतात. याच गोत्रातील कृमी कोळंबीच्या बीजकेंद्रांत माद्यांना पौष्टिक खाद्य म्हणून देतात. त्यांवर बाणखेकडा सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृमी खातो खरा. परंतु मोठा झाला की झोपलेल्या माशांनाही सोडत नाही. केस हाताला टोचून आग होते, एवढ्यासाठी त्यांच्यावर मारेकरी घालू नये.

आणि काही कृमी असे की ज्यांच्यापुढे भक्षकाचे काही चालत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातील न्यूके येथील मत्स्यालयात प्रवाळ कापल्यासारखे तुटू लागले, मासे नाहीसे होऊ लागले. २००९ साली तेथील सेवकांनी दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे ४ फूट लांबीचा, जबड्याचा कृमी सापडला. रात्री बाहेर पडून तो शिकार करीत असे. तेथे टाकी मोकळी करणे हाच उपाय ठरला.

माझ्या टाकीत सध्या दोन मासे आहेत. नवा दगड वा समुद्रफूल आणले की ते वेगळ्या बादलीत काही आठवडे ठेवून, रात्री विजेरीच्या उजेडात मी तपासतो. विजेरी धरण्याचे काम मुलीकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तिनेच तीन टोकांचा एक तांबूस ठिपका दाखविला, आणि तो दगड त्या बादलीतच राहिला.