कार्लाइलचा संघ आणि त्याच्या कमाईची वही

गटाच्या बैठकीत आम्ही आधी वही उघडतो, मग बाकीचं बोलतो. आज सांगणार आहोत ती गोष्ट अमेरिकेतल्या एका शाळेच्या फुटबॉल संघाची. शंभर वर्षं उलटून गेली तिला, पण शेवटी तिच्यातही वही येतेच.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या लष्करी छावणीत 1879 साली आदिवासी मुलामुलींसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. हे तिथले मूळचे रहिवासी. जमिनी गेल्याच होत्या, आता लेकरंही घरापासून फार लांब नेली. आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, आईची भाषा बोलायची नाही. बोललं की शिक्षा. मुलींना गोऱ्या लोकांच्या घरी कामाला धाडत, आणि त्याला शिक्षण म्हणत. नाव काहीही द्या, भांडी ती भांडीच.

तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू लांबुळका, टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं. कार्लाइलची पोरं अंगानं हलकी, म्हणून ती वेगानं आणि हुलकावणी देऊन खेळत. कबड्डीत चपळ पोरगी धिप्पाड बचावातून निसटते ना, तसं. 1911 साली त्यांनी हार्वर्डसारख्या बड्या विद्यापीठाला 18-15 असं हरवलं.

पुढचं 1912 साल तर त्यांचंच. सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प त्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून परत आला आणि संघात उतरला. त्या हंगामात 14 सामने झाले. 12 जिंकले, एक बरोबरीत, एकच हरले. 9 नोव्हेंबरला गाठ पडली वेस्ट पॉइंटशी, म्हणजे लष्कराचे अधिकारी जिथे तयार होतात त्या संस्थेशी. अवघ्या 22 वर्षांपूर्वी याच लष्करानं वूंडेड नी इथे लाकोटा लोकांना बायकापोरांसकट मारलं होतं. त्या दिवशी मैदानावर आदिवासी पोरं 27-6 अशी जिंकली. हरलेल्या संघात आयझेनहॉवर नावाचा तरुण होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

आता वही. मोठे सामने परगावी होत, तिकिटाला हजारो माणसं येत. तो पैसा शाळेच्या खेळनिधीत जाई आणि निधीवर हुकूम चाले प्रशिक्षक वॉर्नर यांचा. त्यांचं राहतं घरही त्यातूनच बांधलेलं. हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना मात्र हिशेब विचारायची सोय नव्हती. 1913 च्या सुरुवातीला थॉर्पची पदकं काढून घेतली, कारण काय, तर पूर्वी त्यानं थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. प्रशिक्षक म्हणाले, आम्हाला ठाऊकच नव्हतं. हे आम्हाला काही पटत नाही.

पण पोरं गप्प बसली नाहीत. संघातलाच गस वेल्च पुढे झाला. दोनशेहून जास्त मुलामुलींनी सह्या करून सरकारकडे अर्ज धाडला. 1914 साली संसदेची समिती शाळेत आली. निधीचा पैसा कुठे कुठे गेला ते निघालं. प्रशिक्षक शिव्या देतात, हात उचलतात, असं खेळाडूंनी तोंडावर सांगितलं. आपल्याला फळीनं मारल्याचं एका मुलीनं समितीसमोर सांगितलं. अनोळखी साहेबांपुढे उभं राहून असं बोलायचं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको. शाळाप्रमुखाची खुर्ची गेली, वॉर्नरही दुसरीकडे गेले.

1918 साली शाळा बंद पडली. थॉर्पच्या पदकांच्या प्रतिकृती 1983 साली त्याच्या मुलांच्या हाती आल्या. तो 1953 सालीच गेला होता. शाळेच्या आवारात दीडशेहून जास्त लेकरांच्या कबरी होत्या. 2017 पासून त्यांचे नातेवाईक येतात आणि एकेका लेकराच्या अस्थी घरी घेऊन जातात.