नागलीचा पापड, नावं अनेक

आज बोलूया नावाबद्दल. माल चांगला असूनही नावामुळे तो कसा अडकतो, हे आम्ही अनुभवलंय.

आमच्या बचत गटाने नागलीचे पापड ऑनलाइन विकायला ठेवले. नाव टाकलं 'नागली पापड'. ऑर्डरी आल्या त्या नाशिक, धुळ्याकडच्याच. मग लक्षात आलं, आपली नागली कोकणात नाचणी होते, कर्नाटकात रागी, उत्तराखंडात मंडुवा. परदेशातली बाई इंग्रजीत 'फिंगर मिलेट' लिहून शोधते. पापडालाही ब्रिटनमध्ये 'पॉपडम' म्हणतात. आम्ही लिहिलेला शब्द तिला ठाऊकच नाही, तर आमचा पापड तिला दिसणार कसा?

इंग्रजीही सगळीकडे एक नाही, बरं का. आपण वांग्याला 'ब्रिंजल' शिकलो. ब्रिटनमध्ये ते 'ऑबर्जिन', अमेरिकेत 'एगप्लांट'. आपण शेंगदाण्याला 'ग्राउंडनट' लिहितो, तिकडे 'पीनट' म्हणतात. शेंगदाणा कित्येकांना बाधतो, जिवावरही बेततं. म्हणून चटणीच्या पाकिटावर त्यांना कळेल तोच शब्द हवा.

मग करायचं काय? आधी ठरवा, माल कोणासाठी आहे. परदेशातल्या मराठी घरासाठी असेल तर 'नाचणी', 'नागली' ठेवाच. इंग्रजी अक्षरांत लिहा. बाकीच्यांसाठी 'रागी', 'फिंगर मिलेट' जोडा. कुठल्या देशात कुठला शब्द जास्त शोधतात, हे गूगल ट्रेंड्सवर फुकट पाहता येतं. देश निवडायचा, दोन शब्द शेजारी टाकायचे. तिथे 100 आकडा दिसला तर शंभर जणींनी शोधलं असं समजू नका. त्या तुलनेतला तो सगळ्यात वरचा टप्पा असतो.

आता शेवटची गोष्ट. आम्हाला कुणी सुचवलं, 'ग्लूटेन फ्री' लिहा, तो शब्द खूप शोधला जातो. नागलीत ग्लूटेन नसतं, हे खरं. पण आमची नागली दळली जाते गव्हाच्याच गिरणीत. थोडं गव्हाचं पीठ मिसळतंच, आणि ज्यांना गहू सोसत नाही त्यांना तेवढ्यानेही त्रास होतो. म्हणून तो शब्द आम्ही लिहिला नाही. वेगळी चक्की येईल तेव्हा लिहू.

मैत्रिणींनो, नावं चार लावा, पण चारही खरी असू द्या. तुमच्या गावात नागलीला काय म्हणतात, पुढच्या बैठकीत जरूर सांगा.