चलच्चित्रण : यंत्र चालूं करण्यापूर्वीं



चलच्चित्र घेण्याचें यंत्र आज बहुतेकांच्या खिशांत असतें. लग्नकार्यें, शाळांचीं स्नेहसंमेलनें, कारखान्यांच्या जाहिराती यांचें चित्रण करून त्यावर चरितार्थ चालविणारे तरुणही लहानमोठ्या गांवांतून दिसूं लागले आहेत. अशा तरुणास लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘कॅमेरा कोणता?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो पहिला नव्हे. कॅमेरा पेटींतून बाहेर काढण्यापूर्वीं जें ठरलेलें असतें, त्यावरच चित्राचें बरेंवाईट बहुतांशीं अवलंबून असतें.

ही गोष्ट कोल्हापुरास नवी नाहीं. कलामहर्षि बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व त्यांचे नात्यांतील बंधु आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. चित्रपटाच्या ध्यासानें दोघांनीं स्वतः कॅमेरा घडविण्याचें मनावर घेतलें. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले; बाबूरावांनीं तें काम पुरें केलें, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट लोकांपुढें आला. कॅमेरा स्वहस्तें घडविणारा मनुष्य यंत्राचा अभिमान बाळगता तर तें क्षम्य ठरलें असतें. परंतु बाबूराव प्रसंगांचीं, पात्रांचीं व वेषभूषेचीं चित्रें अगोदर कागदावर काढीत. रंगविलेल्या सपाट पडद्यांच्या जागीं त्यांनीं भरीव देखावे उभारले. ‘सिंहगड’ या १९२३ सालच्या चित्रपटांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचाही उपयोग केला. यंत्र त्यांच्या हातांत होतें, पण चित्र त्याआधीं डोळ्यांपुढें उभें असे.

आतां त्याच कोल्हापूर जिल्ह्यांतील कबनूर या गांवीं जाऊं. इचलकरंजीस लागून असलेल्या या गांवांत यंत्रमागांचा खडखडाट रोजचाच. अशा गांवांतील एका कारखानदारास आपल्या कापडाच्या प्रसिद्धीसाठीं पांच मिनिटांचें चलच्चित्र हवें आहे, आणि त्यांत मागावरच्या एका जुन्या कामगाराचे चार शब्द असावेत अशी त्याची इच्छा आहे, असें कल्पूं या. काम साधें दिसतें. त्यांतील अडचणी मात्र छपराखालीं पाऊल टाकल्यावरच कळतात, आणि म्हणूनच चित्रणाच्या आदल्या दिवशीं, शक्यतों त्याच घटकेस, कॅमेरा न घेतां तेथें एकदां जाऊन यावें.

त्या फेरींत काय पाहावें? दोन मागांमधील वाट अरुंद असते. कॅमेऱ्याची तिवई कामगाराच्या येण्याजाण्यास आडवी येणार नाहीं अशी जागा हेरावी. विजेच्या तारा वाटेंत सोडूं नयेत. गळ्यांत लोंबता पट्टा किंवा सैल बाही घेऊन चालत्या मागाजवळ वांकूं नये; धोटा क्वचित् मागाबाहेर उडतो, हेंही ध्यानांत ठेवावें. कापसाची तूस हवेंत सारखी तरंगत असते, ती भिंगावर बसते. तेव्हां स्वच्छ मऊ फडकें जवळ हवें आणि भिंग बदलण्याचें काम बाहेर येऊन करावें.

प्रकाशाचें एक गमक सांगण्यासारखें आहे. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. त्यामुळें तिच्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदास १०० वेळां मंदतेज होतात. डोळ्यास तें जाणवत नाहीं, कॅमेऱ्यास जाणवतें, आणि चित्रावर काळेपांढरे पट्टे सरकूं लागतात. सेकंदास २५ चित्रें घ्यावीं व प्रत्येक चित्रास सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश द्यावा, म्हणजे हा दोष बहुधा टळतो. तरीही त्या जागच्या दिव्यांखालीं आदल्या दिवशींच पारख करून घ्यावी. आणि बोलणाऱ्या माणसाच्या पाठीमागें उघडी खिडकी ठेवूं नये. नाहींतर चेहरा काळवंडतो व खिडकी तेवढी झळकते.

परंतु प्रकाशाचा दोष कांहीं अंशीं मागाहून सुधारतां येतो. आवाजाचें तसें नाहीं. चालत्या मागांमध्यें शेजारच्या माणसाशीं बोलायचें तर कानाशीं तोंड न्यावें लागतें. त्या खडखडाटांत मनुष्यवाणीचे सर्व स्वर बुडून जातात. नंतर खडखडाट गाळूं गेल्यास वाणीही गाळली जाते. त्यामुळें अननुभवी चित्रकाराच्या मनांत सहज एक उपाय येतो.

“मालक, वीस मिनिटें माग बंद ठेवतां येतील का?” तो विचारतो.

“ठेवूं कीं. त्यांत काय मोठंसं!” मालक उदारपणें म्हणतात.

तेवढ्यांत ज्याचे शब्द घ्यावयाचे तो म्हातारा कामगार हळूच म्हणतो, “बाळ, माग थांबला कीं आमची मजुरी थांबते.”

येथें शाळेंतील अंकगणित उपयोगीं पडतें. मागावरच्या कामगाराची मजुरी सामान्यतः विणलेल्या मीटरांवर ठरते, तासांवर नव्हे. कारखान्यांत चाळीस माग असतील तर वीस मिनिटांच्या शांततेसाठीं आठशें मिनिटांचें विणकाम थांबतें. म्हणजे एका मागाचें तेरा तास वीस मिनिटांचें काम. मालकाच्या औदार्याची किंमत कामगारांच्या खिशांतून जाते, आणि चित्रकाराच्या हिशेबांत ती कोठेंच दिसत नाहीं. ज्या चित्रांत त्या माणसाचा गौरव करावयाचा, त्याच चित्रासाठीं त्याचा घांस काढावा, हें शोभत नाहीं.

मग मार्ग कोणता? माग चालूं असतांना हात, धोटा, फणी आणि वाढत जाणारें कापड यांचें चित्रण करावें. ताण्याचा धागा तुटला कीं माग आपोआप किंवा कामगाराच्या हातानें थांबतो, तो गांठ देतो व माग पुन्हां सुरू होतो. कॅमेरा रोखून त्या क्षणाची वाट पाहावी, मुद्दाम धागा तोडावयास लावूं नये. मागांचा आवाज वेगळा मुद्रित करून ठेवावा. बोलणें मात्र पाळी संपल्यावर, त्या वेळेचा मोबदला ठरवून, अन्यत्र घ्यावें. त्यासाठीं कापडाच्या ताक्यांनीं भरलेलें गोदाम फार उत्तम. थप्प्यांमध्यें प्रतिध्वनि शोषला जातो. ज्या कापडासाठीं दिवसभर एवढा गलबला झाला, तेंच कापड शांतता देतें. ध्वनिग्राहक हनुवटीच्या खालीं वीतभर अंतरावर लावावा. पुढें जुळणी करतांना या बोलण्याखालीं मागांचा आवाज मंद ठेवला कीं स्थळ जाणवतें आणि शब्दही ऐकूं येतात.

एवढें करूनही माग थांबविणें अटळ असेल, तर त्याची भरपाई अंदाजपत्रकांत स्वतंत्र रकमेनें लिहावी. किती मिनिटांचें चित्र, कोणत्या तारखेस, दुरुस्त्या किती वेळां, पैसे किती हप्त्यांनीं, चित्र कोठें कोठें दाखविलें जाणार, हेंही लेखी असावें. ज्यांचे चेहरे दिसणार त्यांची संमति त्यांच्याच भाषेंत समजावून घ्यावी. तोंडी व्यवहारांत मैत्री टिकते असें म्हणतात. अनुभव बहुधा उलट येतो.

शेवटची खबरदारी प्रतींची. १९४८ च्या प्रारंभीं महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरांतील जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यांस पुन्हां तयार करावा लागला. त्या काळीं प्रत काढणें खर्चाचें होतें. आज तें तासाभराचें काम आहे, तरी आळसापायीं राहून जातें. चित्रणाच्या रात्रींच तीन प्रती कराव्या. दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या आणि एक दुसऱ्या इमारतींत असावी. त्याखेरीज कॅमेऱ्यांतील मूळ पट्टी पुसूं नये. दिवसभराची मजुरी सोडून बोललेला मनुष्य तेंच बोलणें दुसऱ्यांदा त्याच मनानें बोलत नसतो.

चित्र पुरें झालें म्हणजे मालकांच्या बरोबरीनें तें त्या कामगारांसही दाखवावें. एखादी चूक तेच प्रथम दाखवितील. धोटा उलट्या क्रमानें जोडला गेला असेल तर तो त्यांच्याच डोळ्यांस खुपेल. आणि तो म्हातारा, ज्याचे शब्द आयुष्यभर मागांच्या आवाजांत विरून गेले, तो आपलें बोलणें चारचौघांत स्पष्ट ऐकेल. तें तसें ऐकूं यावें एवढ्यासाठींच आदल्या दिवसाची ती फेरी, ती पारख आणि तो हिशेब.