पहिलीच्या नावाची भांडी

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या निवासी शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. ‘नवऱ्याचा जीव अजून पहिलीत असेल तर?’ हा काय शिबिराचा विषय झाला, असं कुणीतरी म्हणालंही. आपण मारहाणीवर बोलतो, हुंड्यावर बोलतो, रेशनवर आणि पाण्यावर बोलतो. हा विषय मात्र अर्ज लिहून झाल्यावर येतो. पिशवी उचलून दारापर्यंत गेलेली बाई मागे वळते आणि म्हणते, ‘ताई, आणखी एक विचारू का?’ त्यामुळे सल्ला केंद्राच्या नोंदवहीत तो कधी लिहिलाच जात नाही.

आधी शब्द बघा. दुसऱ्यांदा लग्न होतं ते पुरुषाचं, पण ‘दुसरी’ होते ती बाई. तिचं ते पहिलंच लग्न असलं तरी. तिला ‘दुसरेपणावर दिली’ असं म्हणतात. त्याला बिजवर म्हणतात, पण ते मांडवापुरतं. मांडव उतरला की तो नुसता नवरा, आणि ती जन्मभर दुसरी. पहिली वारलेली असो, नाहीतर रीतसर घटस्फोट घेऊन आपल्या पायावर उभी असो, या दोघींच्या नात्याला आपल्याकडे शब्द एकच, सवत. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन बायकांना आपण वैरिणी करून ठेवलंय.

आमच्या केंद्रात एक अंगणवाडी सेविका येतात. इतर बायकांच्या केसेस घेऊन येतात, स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत. एकदा पितृपक्षात आल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, जवळ आली होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तो दिवस. तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बोलवायची, ओटी भरायची. स्वयंपाक अर्थातच दुसरीने करायचा. अकरा वर्षं त्या तो करत होत्या. पहिलीला आवडायची म्हणून अळूची भाजी, पहिलीला आवडायची म्हणून पुरणपोळी जरा जास्त गोडाची. याचंही त्यांना काही नव्हतं. पण सवाष्णीची साडी नवरा स्वतः जाऊन आणायचा. पहिलीला हिरवा रंग आवडायचा म्हणून हिरवी, चार दुकानं फिरून. या अकरा वर्षांत तो यांच्यासाठी साडी निवडायला एकदाही दुकानाची पायरी चढला नव्हता. मला म्हणाल्या, ‘ताई, मला मेलेल्या बाईचा राग येतो. मला पाप लागेल का?’

पाप लागणार नाही, एवढं मी चटकन सांगितलं. पुढे काय सांगावं ते मला सुचेना. तुमच्यापैकी कुणाला सुचलं असतं? ‘जाऊ द्या हो, गेलेल्या माणसाशी काय बरोबरी’ हे त्यांना सासूनेही सांगून झालं होतं, जावेनेही. आपणही तेच सांगणार असू तर केंद्र कशाला हवं? काही समाजांत तर दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात आणि नवं लुगडं नेसायच्या आधी ते त्या टाकाला दाखवायचं असतं. पहिलीचा आत्मा त्रास देऊ नये, म्हणून. म्हणजे नवऱ्याच्या मनातली माणसं सांभाळायचं कामही बाईच्याच गळ्यात बांधलेलं.

आता उलट बाजू बघा. त्याच महिन्यात आमच्याकडे एक बाई आली होती, विधवा असताना पुन्हा लग्न केलेली. पहिल्या नवऱ्याचा एक पासपोर्ट साइजचा फोटो तिने ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला होता. तो सापडला म्हणून दुसऱ्याने तिला मारलं. फोटो फाडून चुलीत घातला. त्याच्या घरी भिंतीवर त्याच्या पहिल्या बायकोची हार घातलेली तसबीर होती आणि रोज उदबत्ती लावायचं काम हिचं होतं! पूर्वी पाट लावायचे ते रात्री, अंधारात, पुन्हा लग्न करणारीचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पण त्याच कायद्यात असंही होतं की पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. नव्या घरात शिरायचं तर मागचं सगळं पुसून शिरायचं. पुरुषाला मात्र आठवणींसकट दुसरं लग्न करता येतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की, नवऱ्याला पहिलीबद्दल माया वाटते हा गुन्हा नाही. आठ-दहा वर्षं ज्या माणसाबरोबर काढली ते माणूस मनातून पुसलं गेलं नाही, तर त्यात वाईट काय? ती मुभा बाईलाही मिळाली पाहिजे, असं आपण म्हणायला हवं. हे मी व्यासपीठावरून सहज बोलते आहे. घरात बोलायला मला बरीच वर्षं लागली.

कारण मी स्वतः दुसरी आहे. माझ्या नवऱ्याचा पहिला विवाह परस्परसंमतीने, न्यायालयातून संपला. भांडणतंटा नव्हता. लग्न करून आले तेव्हा घरात तिच्या नावाची भांडी होती. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं कोरतात ना, दोघांची, खाली तारीख. पातेली, डबे, पोह्यांच्या बशा. मी कणीक मळायला परात घ्यायची आणि कणकेखालून तिचं नाव वर यायचं. मी एम.एस.डब्ल्यू. केलेलं, रोज दुसऱ्यांच्या संसारातले गुंते सोडवणारी. स्वतःला सांगायचे, ही नुसती अक्षरं आहेत. आणि भांडी विसळताना नावाची बाजू भिंतीकडे करून लावायचे.

एकदा नवरा गावाला गेलेला असताना मी दोन पिशव्या भरून भांडी दुकानात नेली. नाव घासून मिळेल का, विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘पत्रा पातळ होईल बाई, मोडीतच घाला.’ घातली. वजनावर पैसे घेतले, वर थोडे घालून तीन नवी पातेली आणली. नावं न कोरता. नवरा आल्यावर बाकी काही बोलला नाही, फक्त ‘दुधाचं छोटं पातेलं कुठे गेलं?’ एवढं विचारलं. मी सांगितल्यावर गप्प झाला. पुढचे दोन-तीन आठवडे घरात कामापुरतं बोलणं.

शेवटी संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीकडे गेले. वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने एवढंच विचारलं, ‘तुला नेमकं काय हवं होतं ते सांग. त्याने तिला विसरायला हवं होतं?’ मला हो म्हणता येईना. आठ वर्षांचा संसार जो विसरतो, तो उद्या मलाही विसरेल. मग काय हवं होतं? बराच वेळ घोळ घातल्यावर मला सापडलं. त्याआधीच्या महिन्यात त्याने नोकरी सोडायचं ठरवलं होतं आणि ते तिला आधी सांगितलं होतं, मला चार दिवसांनी. बोलता बोलता मला ते कळलं होतं. ते गिळून मी पातेल्यांवर राग काढला होता.

घरी येऊन मी हे बोलले. भांडीबिंडी बाजूला ठेवून. तो म्हणाला, ‘मला परत तिच्याकडे जायचं नाही. पण ती आठ वर्षं मी कुठे ठेवू?’ मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच, पण या घराचं काही ठरवायचं असेल तर ते या घरात आधी. त्याला ते पटलं. एका बैठकीत नव्हे, चांगलं वर्षभर लागलं. तिच्या वाढदिवसाला तो अजून फोन करतो, माझ्यासमोर करतो. मला ते आवडतं असं मी म्हणणार नाही. तो फोन लावतो तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की केंद्रात बाई बसली असताना माया कुठली आणि अन्याय कुठला, हे आपल्याला तिच्याबरोबर बसून निवडावं लागतं. तांदूळ निवडतो तसं. तसबिरीला हार ही माया आहे. त्या घरात पहिलीची मुलं असतील तर ती तसबीर भिंतीवरच राहिली पाहिजे, आणि हे दुसरीलाही सांगायला आपण कचरू नये. पण ‘ती असती तर असं बेचव केलं नसतं’ असं ताट सरकवून रोज म्हणणं, चारचौघांत तिच्या रूपाशी हिचं रूप ताडून बघणं, याला मी माया म्हणत नाही. त्यात गेलेल्या बाईवर प्रेमही नसतं. तिला जिवंतपणी त्याने किती सुखात ठेवलं होतं, हे शेजारणींना विचारलं की कळतं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही धरला आहे, अपमान आणि हिणवणं त्यात येतं. मार नाही म्हणून केस नाही, असं म्हणून बाईला परत पाठवू नका.

आणि एक तर फार येतं. ‘तो अजून तिला पैसे देतो हो, जीव आहे त्याचा तिच्यावर.’ तुम्ही किती देतो, कधीपासून देतो विचारलंत की लक्षात येतं, न्यायालयाने ठरवलेली पोटगी आहे. घटस्फोटित बाईने पुन्हा लग्न केलं नसेल आणि तिला स्वतःचं पोट भरता येत नसेल तर तिला पोटगी मागता येते. पूर्वी हे कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झालं. पोटगी हा तिचा हक्क आहे, त्यात त्याच्या मायेचा संबंध नाही. एका हाताने आपण टाकलेल्या बाईला पोटगी मिळवून द्यायची आणि दुसऱ्या हाताने दुसरीच्या सांगण्यावरून ती बंद करायला मदत करायची, असं व्हायला नको. आमच्याकडे ते एकदा होता होता राहिलंय. दोघी एकाच गल्लीतून आल्या होत्या.

उलट कागदावरची माया आधी तपासा. विम्याच्या पॉलिसीवर वारस म्हणून अजून पहिलीचंच नाव आहे का? बँकेत, रेशनकार्डावर कुणाचं आहे? बहुतेकदा यात प्रेमबीम नसतं, आळस असतो. पण त्याची किंमत दुसरीला मोजावी लागते. त्याच्याही आधी, ‘पहिली’ खरोखर माजी आहे का ते बघा. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी बायका घडी घालून उराशी बाळगतात. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट न्यायालयातून घ्यावा लागतो. जातीची जुनी रूढी असल्याचं सिद्ध करता आलं तरच काडीमोड टिकतो. नाहीतर दुसरीचं लग्न कायद्याने लग्नच नसतं. मग त्याचा जीव कुणात आहे, हा प्रश्न फार पुढचा.

ही गोष्ट आजची नाही. मराठीतली दोन महत्त्वाची आत्मचरित्रं दुसरेपणावर आलेल्या बायकांची आहेत, रमाबाई रानडे आणि आनंदीबाई कर्वे यांची. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. वडिलांच्या आग्रहाने त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, अकरा वर्षांच्या मुलीशी. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस, मागच्या दुःखातून उठायला सवड मिळायच्या आत पुन्हा बोहल्यावर! थोरामोठ्यांची ही गत, तिथे इतरांचं काय? अजूनही चूल पेटती राहायला हवी, मुलांना बघायला कुणीतरी हवं, म्हणून वर्षाच्या आत दुसरी आणतात. त्याला रडायला वेळ देत नाहीत, आणि तो राहिलेला शोक मग हिच्या संसारात वर्षानुवर्षं झिरपत राहतो. त्याच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे. हे काम आपल्या केंद्रात आपण करायचं की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. पुरुषांचे अश्रू पुसायला आपण बसलोय का, असं काही मैत्रिणी म्हणतात. मला त्यांचं म्हणणं समजतं. पण त्याच्याशी बोलल्याशिवाय हिची घुसमट थांबत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या अंगणवाडीच्या ताईंचं सांगायचं राहिलं. पुष्कळ भेटींनंतर त्यांनी नवऱ्याला साडीचं बोलून दाखवलं. त्याला आश्चर्यच वाटलं. दिवाळीला त्याने त्यांच्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाला, तुला हवी ती घे. त्या मला म्हणाल्या, ‘साडी कुठे हवी होती मला? बरोबर दुकानात जायचं होतं.’ हे त्याला सांगितलंत का, असं मी विचारलं. म्हणाल्या, ‘अजून नाही. सांगणार आहे.’

आता चर्चेला अर्धा तास आहे. मघाशी हसल्या होत्या त्या मागच्या रांगेतल्या मैत्रिणींपासून सुरुवात करू या.