शोभेची जेल मेणबत्ती आणि घामाचा हिशेब

(केळवे येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हांला ‘घरच्या घरी शोभेच्या मेणबत्त्या’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यात कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राची आणि आमची गाठ दहावीलाच सुटली. तरी उभे राहिलो, कारण हा उद्योग आम्ही नवरा-बायकोने स्वतःच्या ओट्यावर करून पाहिला आहे. त्यात हातही पोळला आणि खिसाही. म्हणून जे सांगू ते पुस्तकातले थोडे आणि ओट्यावरचे जास्त असेल.

मेणबत्ती आपल्याला नवी नाही. वंदनेला आपण ती लावतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ती हातात असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्या घरात दिवे गेले आणि मेणबत्तीचे एक टोक शोधताना सगळ्यांची धांदल उडाली. पण रोज पाहूनही तिच्यात जळते काय, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. लोहाराचा मुलगा आणि बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांसमोर केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यांनी दाखविलेला एक प्रयोग घरी करून पाहा. मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पेटवते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. वात फक्त वितळलेले मेण वर ओढून देते. एवढे कळले की पुढचे सारे नियम आपोआप समजतात.

साधी मेणबत्ती पॅराफिनची. ते साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उकळत्या पाण्यात दुसरे भांडे ठेवून ते सहज पातळ करता येते. जेल मेणबत्ती निराळी. नाव मेणबत्ती असले तरी तिच्यात मेण नसते. शुद्ध केलेले खनिज तेल आणि त्याला घट्ट करणारी पॉलिमरची पूड मिळून ते पारदर्शक जेल होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार पुढे आला. आता जेल तयार मिळते. ते आरपार दिसते, त्यामुळे आत शिंपले आणि रंगीत वाळू मांडता येते. आपल्या केळव्याला सुट्टीला पाहुणे येतात, सुरूच्या बागेत बसतात आणि जाताना काहीतरी आठवण म्हणून नेऊ पाहतात. ‘समुद्र ग्लासात भरून देऊ,’ असे आमच्या सौभाग्यवतींनी म्हटले आणि आम्हांला ते पटले.

आता कृती. जेल पातळ व्हायला ९० ते १०५ अंश उष्णता लागते. ती वाफेच्या भांड्यात नीट मिळत नाही, म्हणून जाड बुडाचे पातेले, अगदी मंद आच आणि थर्मामीटर या तीन गोष्टी हव्यातच. तेल आहे, तापत गेले तर पेट घेणार. म्हणून ११० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि गॅसपाशून उठायचे नाही. पेटलेच तर पाणी मुळीच ओतू नका. गॅस बंद करून झाकण घाला. ग्लास जाड काचेचा, रुंद तोंडाचा घ्या आणि ओतण्यापूर्वी तो थोडा कोमट करा. जेल सावकाश ओतावे, म्हणजे बुडबुडे कमी येतात. वात ताठ राहणारी घ्यावी, तिचे खालचे टोक ग्लासच्या बुडापासून अर्धा इंच वर असावे. रंग तेलात विरघळणाराच घ्यावा, खाण्याचा रंग चालत नाही. सुगंधी द्रव्यही जेलसाठी म्हणून मिळणारेच घ्यावे. ग्लासात प्लास्टिकची फुले, सुकी पाने, लाकूड घालू नये, कारण ती पुढे दुसरी वात होतात. शिंपले, खडे, काच घालावी, तीही वातीपासून दूर, काचेच्या कडेला.

आमची चूक नेमकी शिंपल्यांत झाली. सकाळी किनाऱ्यावरून वेचले, धुतले, पुसले आणि दुपारी वापरले. थर्मामीटर ‘नंतर घेऊ’ म्हणून ठेवलेला. शिंपल्याच्या वळणात पाणी राहिले होते. जास्त तापलेले जेल त्यावर पडताच तडतडून उडाले आणि सौभाग्यवतींच्या मनगटावर आले. जेल चिकटते, झटकले तरी निघत नाही. हात बराच वेळ नळाखाली धरला. डाग अजून आहे. तेव्हा शिंपले उकळून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. थर्मामीटर आधी आणा, जेल मागाहून.

भगिनींनो, खरी गोष्ट यापुढेच आहे. त्या दिवाळीत आम्ही २८ ग्लास केले. एका ग्लासला जेल, काच, वात, सुगंध मिळून ८५ रुपये खर्च आला. विक्री १०० रुपयांना. नगामागे १५ रुपये नफा, असे आम्ही बँकेच्या थाटात जाहीर केले. ४ ग्लास तडकले, २४ विकले गेले. रात्री वही मांडली. खर्च २,३८० रुपये, विक्री २,४०० रुपये. नफा २० रुपये. आम्ही म्हणालो, ‘चला, तोटा तरी नाही.’ सौभाग्यवती मनगटाला मलम लावत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या बँकेत कोणी मजुरीचा आकडा न घालता कागद आणला तर तुम्ही घेता का? मग माझे बारा तास कुठे लिहिलेत?’

आम्हांला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे आम्ही लोकांचे जमाखर्च तपासतो आणि घरच्या बाईचे श्रम आम्ही फुकट धरले होते. ‘घरबसल्या उद्योग’ या गोड शब्दात हाच खड्डा आहे. सामान विकत येते म्हणून मोजले जाते, हात घरचे म्हणून मोजले जात नाहीत. पुढच्या वेळी वहीत पहिली ओळ मजुरीची लिहिली, दुसरी फुटतुटीची. किंमत १८० निघाली. नग कमी खपले, पण त्यांचे पैसे त्यांच्या खात्यात राहिले.

हे कोणाला जमत नाही असे समजू नका. महाबळेश्वरचे भावेश भाटिया दृष्टिहीन. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्ती शिकले, हातगाडीवर विकू लागले आणि १९९४ मध्ये त्यांनी ‘सनराइज कँडल्स’ उभी केली. तेथे अनेक अंध बंधू-भगिनींना काम मिळाले. त्यांच्या यशात सांचे आहेत, शिस्त आहे आणि हिशेबही आहे.

कर्जाविषयी दोन शब्द. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडले आहेत, तोही रस्ता आहे. पण बँकेतला माणूस असूनही सांगतो, पहिले दहा ग्लास स्वतःच्या पैशाने करा आणि अनोळखी माणसाला विका. नातेवाईक भिडेखातर घेतात, ती मागणी नव्हे. आणि गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा, एका वेळी दोन-तीन तासच लावा, जेल अर्धा इंच उरले की विझवा. आपल्या हातची वस्तू कोणाच्या घरात आगीचे कारण होता कामा नये.

ज्योत लहान असली तरी तिला वर कोणीतरी ओढून द्यावे लागते. घरात ती वात कोण आहे, हे आपण जाणतो. तिची मजुरी वहीत लिहा, एवढेच आमचे मागणे आहे.